हातलावणीची खिंड

ही खिंड बघून पाहुण्यांचा हिरमोड होतो. इथे ना देऊळ, ना बुरूज. एक सपाट जागा आणि भणाणता वारा. हिला हातलावणीची खिंड म्हणतात. पूर्वी कोकणातून मिठाची ओझी घेऊन बाया हा घाट चढायच्या आणि इथे दम खायला ओझं उतरवायच्या. उतरवणं सोपं. पुन्हा डोक्यावर घ्यायला दुसऱ्या कुणाचा तरी हात लागतो. तो हात ठकूबाईचा असे, असं सांगतात.

ठकूबाई विधवा, खिंडीतच खोपट घालून राहिलेली. बाजाराच्या दिवशी ती सकाळपासून उभी. बाई आली की ओझ्याला हात लावायचा, "जा गं नीट" म्हणायचं. यात कौतुक करण्यासारखं काही आहे, हे तिच्या गावीही नव्हतं.

गावच्या रंगराव पाटलाला मात्र एकाएकी चांगुलपणाचा उमाळा आला. सुभेदार येणार होते आणि त्यांना दाखवायला गावात काहीच नव्हतं. तेव्हा सर्वांत दयाळू माणसाचा सत्कार करायचं ठरलं. तीन दिवस चावडीवर खल झाला. पाटलाच्या मेव्हण्याने मुंग्यांना साखर घालतो म्हणून हक्क सांगितला. एका गुळाच्या व्यापाऱ्याने तर भिकाऱ्यावर कधी हात उगारला नाही, हेच पुण्य म्हणून पुढे केलं. काय एकेक नग! जन्मात कुणाच्या ओझ्याला बोट न लावलेली ही माणसं. शेवटी भांडण मिटावं म्हणून ठकूबाईचं नाव निघालं.

पाटलाचे गडी न्यायला आले तेव्हा ती म्हणाली, "आज न्हाई जमायचं. आपल्या गावची रेवू मीठ घेऊन वर येतीया. सातवा लागलाय तिला. माझ्याबिगर कोन उचलू लागंल?"

"सुभेदार खोळंबल्यात," एवढंच म्हणून गड्यांनी तिला जवळजवळ उचलूनच खाली नेलं.

शाल आली, नारळ आला. मग पाटील बोलायला उभा राहिला तो बसेचना. दया आपल्या घराण्यात किती पिढ्या नांदते आहे ते ऐकवत राहिला. ठकूबाईचं लक्ष सारखं खिंडीकडे. ती दोनदा उठली, दोनदा लोकांनी तिला खांद्याला धरून खाली बसवलं. सत्काराच्या मधूनच उठणं बरं दिसत नाही म्हणे! ऊन कललं तेव्हा मात्र कुणालाच न जुमानता ती शालीसकट चढ चढून गेली.

रेवू ओझ्याशेजारी पडली होती. वाट बघून थकली आणि उशीर झाला तर सासू बोलेल म्हणून तिने एकटीनेच ओझं उचलायला घेतलं होतं. ठकूबाईने शाल तिच्याखाली पसरली आणि मागून धापा टाकत आलेल्या मंडळींना म्हणाली, "आता तरी हात लावा."

रेवू वाचली. मूल गेलं.

पाटलाला लाज वाटली असेल, असं वाटतं ना तुम्हाला? छे! पुढच्या बाजाराला तो नवी शाल घेऊन खिंडीत हजर. आता म्हणे रेवूचा जीव वाचवल्याबद्दल सत्कार! ठकूबाईने शालीकडे बघितलंसुद्धा नाही. "आदी दिस मावळंस्तवर हितं हुबं ऱ्हावा, येईल तिच्या वझ्याला हात लावा. मग बघू." पाटलाने तीन ओझी उचलली, चौथ्याला कंबर धरली आणि घोड्यावर बसून घर गाठलं.

तेव्हापासून आमच्याकडे तोच रिवाज आहे. ज्याला कुणाच्या भलेपणाचा सत्कार करायचा असेल, त्याने आधी खिंडीत दिवसभर उभं राहायचं. आमदार येऊन गेले, मंडळांचे अध्यक्ष येऊन गेले, परवा कुणी प्रशस्तिपत्रकांचा गठ्ठाच घेऊन आलं होतं. मीठ नसलं तरी गवता-लाकडाचे भारे आहेत. दुपारपुढे एकही टिकला नाही, म्हणून त्यानंतर गावात एकही सत्कार झालेला नाही.

ठकूबाईनंतर इथे रेवू उभी राहू लागली. तिच्यानंतर कोण कोण, ती नावं कुणाला ठाऊक नाहीत. आजही बाजाराच्या दिवशी इथे एक बाई उभी असते. मघाशी चढ संपल्यावर तुम्हाला पाणी दिलं, ती. पाणी प्यायलात सगळे, पण तिच्या तोंडाकडे एकानेही बघितलं नाही.