गोड मुळी आणि आसनावरचा पंडित

फार पूर्वी, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका पाठशाळेत, एका मुलीनं धुवायला घेतलेली मुळी सहज चावून बघितली, तर ती गोड लागली.

एवढंच झालं होतं. पण मुलगी दचकली. तशी ती दचकणारीच होती. भांडं पडलं, दार आपटलं, कोणी मागून हाक मारली, की तिचा जीव घशाशी यायचा. "पाल चुकचुकली तरी हिला घाम फुटतो," असं तिच्याबरोबर शिकणारे म्हणत. पण या वेळी दचकायला कारण होतं. पोथीत स्वच्छ लिहिलं होतं, की तापावर पांढऱ्या फुलांच्या चांदवेलीची मुळी उकळून द्यावी. ती कडूजहर असते आणि तो कडूपणाच ताप उतरवतो. ही ओळ तिनं शंभरदा पाठ म्हटली होती.

तिनं दुसरी मुळी चावली. गोड. तिसरीही गोडच.

ज्या पंडितानं ती पोथी लिहिली, त्याला मरून साठ वर्षं झाली होती. पण तो गेला नव्हता. रोज सकाळी घंटा झाली की तो आपल्या आसनावर येऊन बसे. अंग धुक्यासारखं, आरपार मागची भिंत दिसायची. डोक्यावर तेवढी पांढरीशुभ्र पगडी. गावाला त्याचा कोण अभिमान! "आमच्या पंडितांना मरणसुद्धा आसनावरून उठवू शकलं नाही," असं लोक पाहुण्यांना सांगत. त्याला भूत म्हणायची कोणाची टाप नव्हती.

पाठशाळेचा एक जुना रिवाज होता. एखादी गोष्ट पटली नाही, तर उभं राहून तीनदा "शंका!" म्हणायचं. पाठशाळेच्या पायरीच्या आत असलेल्या कोणाही एकानं "विचार!" म्हटलं, की पंडिताला उत्तर द्यावंच लागे. उत्तर नसेल, तर आसन सोडावं लागे. हा नियम पंडितानंच जिवंत असताना पायरीच्या दगडात कोरून घेतला होता. मात्र तिन्ही वेळा कोणीच "विचार" म्हटलं नाही, तर मेलेला पंडित ती शंका गिळून टाकी. आणि शंकेबरोबर, ज्यातून ती आली तेही, मग ती चव असो की नजर, गिळून टाकी. त्यावरच तर तो जगत होता.

मुलगी मुळी घेऊन म्हाताऱ्या गुरुजींकडे गेली. काढ्याची चूल ते सांभाळत.

"गुरुजी, ही गोड लागतेय हो."

गुरुजींनी मुळीकडे बघितलंही नाही. "मला काय सांगतेस, पोरी? मला तीस वर्षं झाली, मीठसुद्धा कळत नाही."

"म्हणजे... तुम्हीही?"

"उभा राहिलो होतो. हीच शंका. समोर चाळीस जण बसले होते. चाळीसही जण आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होते." गुरुजींनी चुलीत लाकूड सारलं. "चव गेली. तुझी शाबूत आहे ना? मग बस गप."

"पण मग कडू मुळी कुठली?"

"कुंभारणी पिवळ्या फुलांची देतात म्हणे. अडाण्यांचं औषध." ते हळूच म्हणाले, "बरे होतात मात्र."

पाठशाळेच्या मागच्या कुंपणावर पिवळ्या फुलांची वेल होती. मुलीनं मुळी उपटून चाटली, आणि तोंड वाकडं करून चूळ भरायला धावली. कडूजहर!

घाई करायला हवी होती, कारण गावात तापाची साथ आली होती. मागच्या साथीत पांढऱ्या मुळीचा काढा प्यालेली सात माणसं आणखी तापून गेली. तेव्हा पाठशाळेतले शहाणे म्हणाले होते, "आयुष्याची दोरीच तेवढी." म्हणे दोरी! सात घरांतल्या चुली विझल्या, आणि यांना दोष सापडला तो दोरीत!

या वेळी काढ्याचा हंडा अंगणातच ठेवला होता. एरवी पायरीबाहेर उभं राहणारी माणसं आज वाट्या घेऊन आत आली होती. सगळ्यात पुढे एक कुंभारीण होती. खांद्यावर तिची लेक, डोळे अर्धे मिटलेले, अंगाला चटका बसेल असा ताप.

"माझी सासू पिवळी मुळी उगाळत होती," ती शेजारणीला म्हणाली, "मी म्हटलं, राहू द्या आत्या. पंडितांचा काढा असताना आपलं कशाला?"

गुरुजींनी हंड्यात पळी बुडवली. मुलगी घाबरून दोन पावलं मागं सरली. वाटलं, आपण कशाला? एवढे मोठेमोठे बसलेत. आणि मग त्या मोठ्यामोठ्यांकडे बघून तिच्या अंगाचा असा काही संताप झाला, की ती घाबरायचं विसरली.

"शंका!" ती ओरडली. "ही मुळी गोड आहे, कडू नाही!"

पळी हंड्यातच थांबली. पंडितानं मान वळवली.

"कोण? ती पालीला भिणारी?" तो म्हणाला, तसे विद्यार्थी फिदीफिदी हसले. "बाळ, तुझी जीभ चुकली असेल. शास्त्र चुकत नसतं."

"मग चाखा ना!" तिनं मूठभर मुळ्या विद्यार्थ्यांसमोर टाकल्या. "रोज धुता, रोज कुटता. एकानं तरी दाताखाली धरलीय का? का माहीत आहे सगळ्यांना?"

कोणी हात लावला नाही. तिला कळलं, सगळ्यांना माहीत होतं. चाळीस शहाणे, आणि चाळीसही जण पायाच्या अंगठ्याकडे बघत होते.

"शंका!"

तिच्या जिभेवर अजून रेंगाळणारा पिवळ्या मुळीचा कडूपणा विरळ होऊ लागला. आसनावरचं धुकं दाट झालं. पंडिताला गाल आले, ओठ आले. त्या ओठांवरून त्यानं जीभ फिरवली. मुलीनं गुरुजींकडे बघितलं. त्यांचे ओठ हलले. पण आवाज फुटला नाही.

"बस खाली," पंडित गोड आवाजात म्हणाला. "वाट्या भरा."

कडूपणाचा शेवटचा थेंब जिभेच्या टोकाशी उरला होता. तो गेला, की ती उद्या स्वतःच हा काढा ढवळणार होती, आणि म्हणणार होती, दोरीच तेवढी.

"शंका!" या वेळी ती विद्यार्थ्यांकडे बघून ओरडलीच नाही. वाट्या घेतलेल्या माणसांकडे वळून ओरडली. "अहो, कोणीतरी बोला! कोणीतरी!"

पंडितानं आ वासला.

तेवढ्यात एक वाटी खणकन फरशीवर पडली. एवढ्या मोठ्या आवाजाला मुलगी, आयुष्यात पहिल्यांदाच, दचकली नाही. लेकीला छातीशी घट्ट धरून, पायरीच्या चांगली चार पावलं आत उभी असलेली कुंभारीण म्हणाली,

"विचार की गं पोरी! विचार! मला ऐकायचंय."

तात्पर्य, मुलांनो आणि मोठ्यांनोही: मेलेली चूक आपल्या बळावर आसनावर बसत नाही, खाली बसून अंगठ्याकडे बघणारे शहाणे तिला बसवून ठेवतात.