ढोलकीवाल्याचा डोळा

एकदा एका वृद्ध चित्रकाराने आपल्या शिष्यावर एक काम सोपवले. प्रदर्शनातल्या एका चित्राखाली लावायला चार ओळींचे टिपण लिहायचे. शाईचे ते चित्र गुरुजींनीच तरुणपणी तमाशाच्या तंबूत बसून काढलेले. मोजक्या काळ्या रेषा. एक तुणतुणेवाला, एक नाचणारी, एक ढोलकीवाला. चेहरा कुणालाच नव्हता. फक्त ढोलकीवाल्याला एक भला मोठा डोळा होता आणि तो नाचणारीवर, खाली रोखलेला होता.

शिष्य हुशार होता, आणि हुशार माणसाला अर्थ फार लवकर सापडतो. त्याने लिहिले, 'हा डोळा म्हणजे स्त्रीदेहावर खिळलेली पुरुषाची वखवखलेली नजर.' वाक्य त्याला स्वतःलाच इतके आवडले की त्याने ते गुरुजींना दोनदा वाचून दाखवले.

"छान," गुरुजी म्हणाले. "उद्या फुलाबाई येणार आहेत. चित्रातल्या नाचणाऱ्या त्याच. त्यांना वाचता येत नाही, तेव्हा हे तूच वाचून दाखव."

शिष्याने हातातला कागद खाली ठेवला. "आणि हा ढोलकीवाला?"

"भिवा. त्यांचा नवरा. गेला बिचारा चार वर्षांपूर्वी."

एवढे बोलून गुरुजींनी कपाटातून जुने चाळ काढले, आपल्या पंचाहत्तरीच्या पायांना बांधले आणि धोतर सावरून उभे राहिले. "मी पाऊल टाकीन. ते पडेल त्याच क्षणी तू टेबलावर थाप मारायची. बघायचे मात्र समोरच्या भिंतीकडे."

शिष्याला हसू आवरेना. पण चाळ आधी वाजत आणि थाप मागाहून पडे. घाई केली, तर पाऊल हवेतच असे. शेवटी नकळत त्याची मान वळली, नजर गुरुजींच्या घोट्यांवर आली आणि थाप नेमकी पडली. पुन्हा पडली.

"आता कुठे बघतोयस?" गुरुजींनी धापा टाकत विचारले.

शिष्याचा हात थांबला.

"बाळ, नजर कुठे पडते ते तू पाहिलेस. ती कशासाठी पडते, तेही पाहावे. वाईट नजरा त्या तंबूत पुष्कळ होत्या, मी नाही म्हणत नाही. पण या माणसाने तीस वर्षे त्या पावलांना एकटे पडू दिले नाही. म्हणून मी त्याला तेवढा डोळा दिला. आता हे चाळ सोड, मला वाकवत नाही."

दुसऱ्या दिवशी फुलाबाई आल्या. शिष्याने नवे टिपण वाचले. एकच ओळ होती: 'ढोलकीवाला पावलांची वाट पाहतो आहे.'

फुलाबाई चित्राजवळ गेल्या आणि त्या डोळ्याकडे बघत राहिल्या.

"मालकास्नी शेवटी शेवटी दिसंना झालं हुतं," त्या म्हणाल्या. "मग मीच पाऊल जरा जोरात टाकायची. त्यास्नी ऐकू जावं म्हणून."

शिष्याने खिशातून पेन काढले आणि आपल्या ओळीखाली ते शब्द जसेच्या तसे लिहिले. गुरुजींना त्याने विचारलेसुद्धा नाही.