घूसबाईचं राखीव बीळ

माणसाला अजून शेपूट होतं, तेव्हाची गोष्ट. माळावरच्या सगळ्यांचं धान्य घूसबाई सांभाळायची. निम्मं धान्य ती रोजच्या कोठारात ठेवायची, निम्मं अडीअडचणीसाठी टेकाडावरच्या राखीव बिळात भरायची, बिळाचं तोंड चिखलानं लिंपायची आणि गावभर मिरवायची.

"मावशी, कधीतरी उघडून चाखून बघ गं," सरडा म्हणायचा.

"तुझी धाव कुंपणापर्यंत, आणि मला शिकवतोस? उभी हयात साठवण्यात गेली माझी!"

एकदा पुरात कोठार वाहून गेलं. उपाशी माळ राखीव बिळापाशी जमला. आज सगळे आपल्या पाया पडणार, या गुर्मीत घूसबाईनं लिंपण फोडलं. आत नुसता भुसा!

"म्हणजे इतकी वर्षं कुणी चाखलंच नाही?" सरडा किंचाळला.

भुशातून एक गलेलठ्ठ किडा ढेकर देत वर आला. "असं कसं? आम्ही रोज चाखत होतो की!"