खरवड

"तिच्या पातेल्यात तुम्ही गुपचूप काय घालता, माई?"

मठाच्या चुलीपुढं गजरा कमरेवर हात देऊन उभी. तोंड लालबुंद. चूल तर अजून पेटलीही नव्हती.

धुरपामाई लसूण ठेचत होत्या. मठाचा स्वयंपाक सगळी हयात त्यांनीच ओढला. आता वयानं हात चालेना. आज नैवेद्य झाला की पळी दुसरीच्या हाती द्यायची, असं त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं होतं. हाताखालच्या दोघींपैकी एकीच्या, गजराच्या नाहीतर चांगुणाच्या. पळी जिच्या हाती, चूल तिची.

"कुणाच्या पातेल्यात?"

"माझ्या तोंडून तिचं नाव नका वदवू. त्या चांगुणाच्या."

"घेतलंस की."

गजराला हसू आलं नाही. तिला आठ-आठ दिवस हसू येत नसे. चांगुणाचं कुणी कौतुक केलं की गजराला स्वतःचंच अन्न गोड लागायचं नाही.

"बेसन एका डब्यातलं. ताक एका गाडग्यातलं. मिरच्या तर मीच निवडून देते मेलीला. तरी पंगतीत माणसं म्हणतात, त्या दुसऱ्या पातेल्यातलं पिठलं वाढा. दुसऱ्या! आधी वाढलेलं माझं ताटात तसंच."

"तुझं आधी कसं वाढतात?"

"मी आधी उतरवते म्हणून. ती बसते चुलीपुढं, म्हैस व्यायची वाट बघितल्यासारखी."

माईंनी बत्ता खाली ठेवला.

"कसं करते ती? सांग बघू."

विचारायचाच अवकाश.

"लसूण सालासकट ठेचते. तेलात लाल होऊ देते, काळा नाही. पीठ ताकात कालवते, गुठळ्या बोटांनी मोडते. एका हातानं ओतायचं, दुसऱ्या हातानं ढवळायचं. रटरटलं की पातेलं निखाऱ्यावर ओढते. वर ताट, ताटात पाणी. मग जागची हलत नाही. कुणी हाक मारू दे, नाही उठत. तळाला खरवड धरते... कडेला कुरकुरीत, मधे मऊ. आणि लसणाचा तो वास, माई, तो तर..."

गजरानं जीभ चावली.

"आणि तू कसं करतेस?"

"मी?"

"तू."

गजरा बोटांवर मोजायला लागली.

"मी... पीठ घेते. मग..."

बाहेर कुणीतरी विहिरीतून पाणी ओढत होतं. रहाट कुरकुरत राहिला.

"आठवत नाही," गजरा म्हणाली. "माझं लक्ष तिच्याकडं असतं."

"बरं. पातेली कोण घासतं?"

"मीच. दुसरं कोण मरतंय इथं?"

"मग तिच्या पातेल्याची खरवड रोज जाते कुठं? चांगुणा विचारत होती."

"मांजर खात असेल."

"मठात मांजर नाही."

माईंनी गजराचा हात हातात घेतला. बोटं उलटी करून बघितली. नखांत कालची पिवळी खरवड अजून तशीच होती. माईंनी ती बोटं नाकाशी नेली, हुंगली, आणि हात सोडून दिला.

गजराच्या डोळ्यांना धार लागली. रागाचीच.

"द्या, द्या तिलाच पळी! मला ठाऊकच होतं."

माईंनी खुंटीवरची पळी काढली. पदरानं पुसली. आणि गजरापुढं धरली.

गजराचा हात पुढं आला... "मला?"

"नेऊन दे तिला."

"मी? माझ्या हातानं? सगळ्यांदेखत?" गजरा ओरडली. "त्यापरीस मला हाकलून द्या. एवढ्या बाया आहेत मठात, दुसरी कुणी नाही का तुम्हाला?"

माई पुन्हा लसूण ठेचायला लागल्या.

"आहेत की. पण तिचं पिठलं तुझ्याइतकं आवडतं कुणाला?"