ज्याच्या त्याच्या पाण्यात

तळ्याकाठच्या एका गावात मासे धरून पोट भरणारा एक भोळा धिवर राहत होता. नाव बुधा. सांगितलेलं काम तो अगदी सांगितलं तसंच करायचा, म्हणून गावात त्याला कोणी काम सांगत नसे.

शाल्मलीला हे ठाऊक नव्हतं. माशांचा अभ्यास करून ती परदेशातून नुकती गावी परतली होती. येताना तिला धास्ती होती, की आपलं इथे कोणी ऐकणारच नाही. इथे तर बुधा तिचा शब्दन्‌शब्द ऐकत होता!

तळ्यातले मासे उलटे होऊन तरंगायला लागले होते. मासे गेले की सगळी धिवरवस्ती उपाशी. वरच्या अंगाला मोज्यांचा कारखाना होता. त्या मोज्यांना कधीच वास येत नाही, कारण त्यांना चांदीची पूड लावतात, डोळ्यांना दिसणार नाही इतकी बारीक. मोजे धुतलेलं पाणी नाल्यातून तळ्यात येई. गिऱ्हाइकांच्या पायाला वास नाही. वास सगळा तळ्याला.

"ही पूड पोटात गेली की मासा आतून गंजायला लागतो," शाल्मलीने बुधाला समजावलं. "मग त्याचं यकृत पहारेकरी तयार करतं. ते गंज पुसत राहतात. पूड वाढली की पहारेकरी वाढतात, शेवटी तेही थकतात आणि मासा मरतो. हे पहारेकरी तपासले, की कारखान्याची चोरी पकडता येईल. भाऊ, एक ताजा मेलेला मासा आणा."

बुधाने मासा आणला. त्यातून शिलाई मशीनचं तेल गळत होतं.

"हे काय?"

"गंजू नये म्हणून, जी."

"तेल नाही हो! बर्फ लावायचा, ओल्या पोत्यात गुंडाळायचं. नाहीतर उन्हात सगळं खराब होतं."

"चुकलं, ताई. पुढच्या वेळी तसंच करतो."

आणि केलंही. पुढचे मासे बर्फातून आले, तपासले गेले. पहारेकरी बेसुमार वाढलेले निघाले. शाल्मलीने तक्रार केली आणि चौकशीला सरकारी साहेब यायचे ठरले. ऊन मरणाचं होतं.

"भाऊ, साहेबांना स्टँडवरून घेऊन या. उन्हाचं जपून आणा."

साहेब बैलगाडीतून आले. ओल्या पोत्यात गुंडाळलेले, मांडीवर बर्फाची लादी. बुधाच्या हातून कधी मासा सुटला नाही, साहेब काय सुटणार?

"अहो, बर्फ मेलेल्याला!" शाल्मलीने कपाळावर हात मारला. "जिवंत असेल त्याला त्याच्याच पाण्यात ठेवायचं असतं!"

"चुकलं, ताई. पुढच्या वेळी तसंच करतो."

चौकशी कारखान्याच्या कचेरीत झाली. बुधा दाराशी उभा राहून ऐकत होता. साहेब शिंकत होते. मॅनेजर खानझोडे यांनी त्यांना कोरडे मोजे दिले. चांदीचे. साहेब खूश झाले.

"मॅडम, पहारेकरी मासे स्वतःच तयार करतात ना?" खानझोडेंनी विचारलं.

"हो, पण..."

"मग बंदोबस्त झालेलाच आहे की!"

साहेबांनी मान डोलावली आणि निकाल दिला: माशांनी पहारा आणखी कडक करावा. मग ते कारखान्याच्याच पाहुणचाराला राहिले.

बाहेर आल्यावर शाल्मलीला रडू आवरेना. "पोटात पहारा ठेवून काय उपयोग, भाऊ? हे पाणी जिथून निघतं, तिथेच अडवायला हवं!"

"करतो, ताई."

तिचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात आरडाओरडा झाला. ती धावत गेली. तळ्याची पाळ फुटली की धिवर जसं गवत आणि काळा चिखल ठासून भोक बुजवतात, तसंच बुधाने कारखान्याचं गटार बुजवलं होतं. कचेरीत कमरेइतकं पाणी. खानझोडे बाहेर येऊ लागले, की दारातला बुधा त्यांना अलगद उचलून परत पाण्यात सोडत होता.

"सोड मला! या पाण्यात काय काय असतं, माहीत आहे का तुला?"

टेबलावर उभे असलेले साहेब हे ऐकत होते. त्यांनी घाईघाईने आपले मोजे काढले.

"भिऊ नका, जी," बुधा खानझोडेंना म्हणाला. "पोटात पहारेकरी असतात. साहेबांनीच सांगितलंय, पहारा जरा कडक करा." मग त्याला शाल्मली दिसली. त्याचा चेहरा उजळला. "ताई, आता तरी बरोबर ना? जिवंत आहेत, त्यांच्याच पाण्यात ठेवलेत!"

बाहेरच्या दगडावर जाऊन शाल्मली निवांत बसली आणि तिने ठरवलं, की आज बुधाभाऊंना काहीही समजावून सांगायचं नाही.