टोचलेला कागद

“सर, मग माझं चित्र कुठल्या कपाटात ठेवणार?”

रणजितनं परत विचारलं. मेस्त्री सर चष्मा पुसत राहिले.

सरांनी उभा जन्म रेखाटन शिकवण्यात घालवला. निवृत्त झाल्यावर कलामहाविद्यालयाच्या ग्रंथालयातली दुर्मिळ संग्रहाची खोली त्यांनी मागून घेतली. तिथली नोंदवही माझ्याकडे असे. बोलत कमी. काही पटलं नाही की चष्मा पुसत.

रणजित शेळके शेवटच्या वर्षाला होता. राज्याच्या प्रदर्शनात त्याच्या चित्राला पहिलं बक्षीस मिळालं होतं आणि ते चित्र संग्रहात घ्यायचं कॉलेजनं ठरवलं होतं. नुसत्या शाईच्या रेषेत काढलेला पैलवान, आखाड्यातल्या लाल मातीच्या हौद्याच्या कडेला उभा. पैलवान म्हणजे त्याचे वडीलच. पोरगा हवेत होता. का नसावा? त्या वयात अशी रेष ज्याच्या हाताला लागते त्यानं थोडं हवेत असावंच, असं माझं मत आहे.

चित्राला त्यानं सोनेरी फ्रेम करून आणली होती. वर काच.

“कुलपाचं कपाट द्या सर. रविवारी अप्पा येणारेत बघायला.”

“अप्पा काय करतात?”

“वस्ताद आहेत. गल्लीतली तालीम तेच चालवतात. चित्रं काढून पोट भरतंय का, म्हणायचे मला. आता बघू देत.”

सरांनी कोपऱ्यातलं कपाट उघडलं. आत एक फ्रेम होती. निसर्गचित्र, स्वच्छ, सुंदर. खाली बक्षिसाची पट्टी.

“कुणाचं हो हे?”

“असाच एक हुशार मुलगा होता.”

“कोण मागतं का बघायला?”

“तू पहिलाच.”

...

सरांनी कपाट लावलं. मग टेबलावर, सगळ्यांच्या हाताशी असलेली एक जाड पुठ्ठ्याची घडी उघडली. आतून कागद काढला. काळाकुट्ट, कडा झिजलेल्या, जागोजाग मागून चिकटवलेला.

रणजितनं हात मागं घेतला. “हे काय? चुलीतनं काढलंय काय सर?”

“हात धुऊन आलायस ना? मग धर.”

“यात चित्र कुठाय?”

सरांनी कागद खिडकीशी नेला आणि उजेडासमोर धरला.

बारीक बारीक भोकं उजळली. सोंड उमटली. कान उमटला. उचललेला पाय उमटला. काळ्या कागदात ठिपक्यांचा हत्ती उभा राहिला.

“खाका म्हणतात याला,” सर म्हणाले. “चित्राच्या रेषेवर टाचणीनं भोकं पाडायची. कागद भिंतीला लावायचा. वरून कोळशाची पूड बांधलेली पुरचुंडी फिरवायची. भिंतीवर ठिपके पडतात. ठिपके जोडले की हत्ती.”

रणजित पुढं झाला. त्या उचललेल्या पायावरून त्यानं बोट फिरवलं, सवयीचं असल्यासारखं.

“सर... हा आमच्या तालमीच्या दाराशेजारी भिंतीवर आहे.”

“असेल.”

“असेल काय, आहेच. डावा पाय असाच. गुडघ्याशी ही अशीच घडी. लहानपणी अप्पा जोर काढायचे आणि मी पायरीवर उभा राहून याच्यावर बोट फिरवत बसायचो. मी पहिल्यांदा काढला तो हाच हत्ती.”

“बरा काढला होतास?”

“पाय जमला नव्हता.”

सर पहिल्यांदा हसले.

“काढला कुणी सर हा?”

“नाव होतं कोपऱ्यात. तिथं पुरचुंडी फार फिरली.”

“मूळ चित्र?”

“हेच मूळ. आपल्या चित्रालाच टोचलं त्यानं.”

“मग त्या माणसाला काय मिळालं?”

सर रणजितच्या बोटाला लागलेल्या काजळीकडे बघत राहिले.

...

मग त्यांनी टेबलाच्या खणातून एक टाचणी काढली आणि सोनेरी फ्रेमच्या काचेवर ठेवली.

रणजितला कळलं. चेहरा पडला.

“सर, बक्षिसाचं चित्र आहे हे.”

“म्हणून तर. वाईट चित्राला टोचतो कोण?”

“आणि नाही टोचलं तर?”

“तर ते कोपऱ्यातलं कपाट. जागा आहे तिथं.”

“अप्पा येणारेत हो सर. सगळ्या तालमीला सांगून ठेवलंय त्यांनी. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याबद्दल कुठंतरी मान वर करून बोललेत. त्यांना काय भोकं दाखवू?”

मला वाईट वाटलं. बापाची शाबासकी मिळवायला पोरांना काय काय करावं लागतं, आणि मिळाली की ती जपायला किती धडपड करावी लागते.

सरांनी विचारलं, “अप्पा किती डाव शिकवतात पोरांना?”

“सगळे. एक राखून. वस्ताद राखतातच एक.”

“तो कुठं ठेवलाय?”

रणजितनं काचेवरची टाचणी उचलून हातात घेतली.

“तो मागच्या वर्षी दिला,” तो हळूच म्हणाला. “पाठीचं दुखणं वाढलं तेव्हा. सगळ्या पोरांना एकदम बोलावलं आणि दिला. त्या दिवसाएवढं खूश मी त्यांना कधी बघितलं नाही.”

...

त्यानं फ्रेम पालथी केली. मागचे खिळे स्वतःच वाकवले. काच बाजूला ठेवली आणि चित्र टेबलावर पसरलं.

“कुठून सुरुवात करू?”

“सगळ्यात चांगली रेष कुठली तुझी?”

त्यानं खांदा दाखवला. मानेपासून दंडापर्यंत, हात न उचलता एका दमात ओढलेली रेष होती ती. परीक्षकांनी हिच्यासाठीच बक्षीस दिलं होतं आणि हे त्याला ठाऊक होतं.

टाचणी त्यानं खांद्यावर टेकवली. मग दाबली.

बारीक आवाज झाला. कागद उचलून त्यानं उजेडासमोर धरला. अप्पांच्या खांद्यावर एक ठिपका लखलखला. तो बघताना त्याची मान आपोआप वर झाली, आणि या वेळी तिच्यात ताठा नव्हता.

“रविवारपर्यंत होईल पुरं,” तो म्हणाला. “पण सर, अप्पा आल्यावर त्यांना नेमकं दाखवू काय?”

सरांनी खणात परत हात घातला. जुन्या फडक्यात बांधलेली काळी पुरचुंडी काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

“दाखवू नकोस. ही त्यांच्या हातात दे. तालमीला भिंती आहेत.”