कोणती पुडी कोणाची?

“उद्या भर दरबारात सांगायचं, कोणती पुडी कोणाची! गप्प बसलीस तर हद्दपार, खोटं बोललीस तरी हद्दपार!” राजा प्रतापधवलाने हुकूम सोडला आणि समोर उभ्या असलेल्या ठकूच्या पाचावर धारण बसली.

ठकू राजवैद्य नरहरशास्त्र्यांच्या घरी औषधं कुटायची आणि पुड्या बांधायची. शास्त्रीबुवा गेले होते काशीला. त्यामुळे राजवाड्यात कोणाला काय झालंय, हे आता एकट्या ठकूला ठाऊक होतं. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून पुड्यांवर नावं नव्हती. सगळा कारभार डोक्यात! आणि कारभारी विसोपंतांनी महाराजांच्या मनात भरवलं होतं, “निम्मा राजवाडा आजारी आहे, महाराज. रोगी कोण ते कळू द्या, एकेकाला घरी पाठवू.” महाराज पक्के हट्टी. एकदा धरलं की धरलं.

“मला कुठं विचारता, महाराज?” ठकू म्हणाली. “देव अक्कल वाटत होता तेव्हा मी हळकुंडं कुटत बसले होते. परवाच मीठ म्हणून आमटीत तुरटी टाकली मी!”

“पुड्यांत चुकतेस का कधी?”

“नाही,” ठकू बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

“मग उद्या ये!”

उन्हं कलल्यावर मागच्या दाराने राजवाड्यातला एक माणूस वैद्यांच्या माजघरात आला. कोण, ते विचारू नका. ठकूने ते मलाही सांगितलेलं नाही, आणि माझ्या पोटात काही राहत नाही हे बघता तिचं बरोबरच आहे. त्याला फेफरं यायचं. ठकूच्या पुडीने दोन वर्षं ते दबून होतं.

“ठकूबाई, नोकरी गेली तर मी मोलमजुरी करीन,” तो म्हणाला. “पण पुढच्या महिन्यात लेकीचं लग्न आहे. बापाला फेफरं येतं म्हटल्यावर जमलेलं मोडेल हो!” आणि तो उपरण्याने डोळे पुसू लागला.

ठकूने बत्ता खाली ठेवला. “रडू नका, दादा. माझं तोंड गावाला ठाऊक आहे. नवऱ्याचं घोरणं मी पाणवठ्यावर सुरासकट म्हणून दाखवते. पण पुडीतलं कधी बोलले का?”

तो गेला आणि ठकूने कपाळावर हात मारून घेतला. धीर दिला खरा, पण बोलावं तर त्याचं घर बसतं, न बोलावं तर आपलं. इकडे आड, तिकडे विहीर!

दुसऱ्या दिवशी ती टोपली घेऊनच दरबारात आली. “सगळ्या पुड्या आणल्यात, महाराज. तीसच्या तीस.”

“शाबास! सांग आता.”

“सांगते की! पण मी पडले अडाणी. माझ्या शब्दावर कोणाची भाकरी गेली तर उद्या लोक म्हणतील, हिला काय कळतंय! म्हणून साक्षीदार द्या. मी पुडी उघडते. दरबारातल्या कोणीतरी वास घेऊन सांगायचं, औषध कशावरचं. साक्ष बरोबर निघाली की कोणाची ते मी सांगितलंच म्हणून समजा.”

“मंजूर!” यात काय अवघड आहे, असं महाराजांना वाटलं.

पहिली पुडी उघडली आणि विसोपंत सगळ्यांना ढकलून पुढे आले. हुंगलं आणि खुलले. “अहो, ही तर मूळव्याधीची! ताकातून घ्यायची. पहिले तीन दिवस नुसती आग होते, मग उतार पडतो!”

सेनापतींनी मिशीआडून विचारलं, “पंत, तीन दिवस आग होते हे तुम्हाला कसं कळलं?”

“म्हणजे... आमच्या सासूबाईंना आहे!”

“त्यांना जाऊन बारा वर्षं झाली, पंत! तेराव्याला जेवलोय मी!”

हास्याचा असा स्फोट झाला की भालदारांचे भाले हलले. हात दाखवून अवलक्षण! “चुकलो! मला यातलं काही कळत नाही!” म्हणत पंत खांबाआड गेले.

“साक्ष मागे घेतली, महाराज. पुढची उघडू?”

पुढची उघडली. सेनापतींना एकाएकी सर्दी झाली. खजिनदार छतावरची नक्षी बघू लागले. पुरोहितांना राहिलेला जप आठवला. गर्दीत एक माणूस लाकडासारखा ताठ उभा होता. ठकूने तिकडे चुकूनही पाहिलं नाही, कारण तिची नजर गेली असती तिथे दरबाराचीही गेली असती. एकामागून एक अठरा पुड्या उघडून झाल्या, पण साक्षीला कोणी येईना.

“एवढ्या माणसांत एकालाही नाक नाही?” महाराज गरजले. “आण इकडे! मीच ओळखतो!”

एकोणिसावी पुडी त्यांनी नाकाशी नेली आणि थबकले. पुन्हा हुंगली. कान लाल झाले. हात नकळत मुकुटाकडे निघाला होता, तो त्यांनी अर्ध्या वाटेवरून माघारी आणला.

“ओळखलीत, महाराज?”

“नाही! मुळीच नाही!”

“मग कोणाची, ते कसं सांगू?”

महाराजांनी तिला जवळ बोलावलं आणि अगदी हळू विचारलं, “मला एकट्याला सांग. ही पुडी कोणाची?”

ठकूची जीभ कधी तिचं ऐकायची?

“तुमची असेल तर तुम्हाला ठाऊकच आहे, महाराज. आणि तुमची नसेल तर तुम्हाला काय करायचंय?”

महाराज असे हसत सुटले, असे हसत सुटले, की मुकुट दोन्ही हातांनी धरावा लागला! “हरलो, ठकू, हरलो! तो हुकूम रद्द! हिला सोन्याच्या पाटल्या द्या! आणि वैद्यांच्या माजघराला आतून कडी बसवा. ती लागलेली असली की मीसुद्धा बाहेर थांबेन!”

“कडी तेवढी द्या, महाराज,” ठकू म्हणाली. “पाटल्या कुटायला बसताना काढून ठेवीन आणि कुठे ठेवल्या तेच विसरेन!”

महाराज आणखी हसले आणि दोन्ही दिलं. कडी त्याच दिवशी बसली. पाटल्या मात्र ठकू अजून शोधते आहे.